डोनर एगला 'हो' म्हणण्याआधी

एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"ताई, मी नाशिकला असते. वय ३९, बँकेत नोकरी. मिस्टर ४२ वर्षांचे. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली आठ उपचारांत गेली. माझा एएमएच, म्हणजे बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, फक्त ०.३ आला आहे. दोनदा आयव्हीएफ केलं. पहिल्या वेळी दोन एग (बीजं) मिळाली, एकच एम्ब्रियो (गर्भ) झाला आणि बीटा, म्हणजे गरोदरपणाची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला. दुसऱ्या वेळी पिकअपमध्ये, म्हणजे बीजं काढताना, काहीच हाती लागलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, गर्भाशय छान आहे, डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईनं दिलेलं बीज, घ्या, वर्षभरात मूल हातात येईल. मिस्टर तिथल्या तिथे तयार झाले. मीही 'हो' म्हणाले, पण त्या दिवसापासून मला झोप लागत नाही. मूल त्यांचं असेल, त्यात माझं काय असेल? मोठं झाल्यावर 'तू माझी खरी आई नाहीस' म्हणालं तर? माझ्या धाकट्या बहिणीला दोन मुलं आहेत. ती म्हणते, 'ताई, माझी एग घे, निदान रक्त तरी आपलं राहील.' असं चालतं का? सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. मिस्टर म्हणतात, कुणालाच सांगायचं नाही, मुलालाही नाही, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. पुढच्या महिन्यात संमतीपत्रावर सह्या आहेत. काय करू?"

प्रिय मैत्रिणीस,

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी त्या न लागणाऱ्या झोपेबद्दल बोलू या. डॉक्टरांनी मार्ग दाखवला, मिस्टरांनी साथ दिली, बहीण तर स्वतःची बीजं द्यायला निघाली. सगळे तुमच्या बाजूचेच आहेत. फक्त तुमचं काय गेलं, हे विचारायचं सगळ्यांकडून राहून गेलं.

तुमचं एक मूल गेलं आहे. ते जन्मलं नव्हतं, तरी बारा वर्षं ते तुमच्या मनात होतं. ते तुमच्या आईसारखं हसायचं, त्याचे केस तुमच्यासारखे होते. दुसऱ्या पिकअपनंतर डॉक्टरांनी 'काही मिळालं नाही' म्हटलं तेव्हा ते गेलं. अशा मुलाचं सुतक कुणी पाळत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बहुधा बँकेत कामावर हजर झाला असाल. त्या दुःखाला अजून जागाच मिळालेली नाही आणि त्याच्यावरच पुढची फाइल उघडली गेली. झोप कशी लागेल?

डोनर एगनं होणारं मूल हे त्या मुलाची बदली नाही, ते वेगळं मूल आहे. आधीच्याला मनातून निरोप दिलेला नसला, की नवीन बाळ बारशाला पाळण्यात असतं आणि कुणी तरी 'अगदी बाबांवर गेलंय' म्हणतं, तेव्हा आईच्या छातीत कळ येते. असं झालेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांचं बाळावर प्रेम कमी नव्हतं. त्यांना रडायला वेळ मिळाला नव्हता, इतकंच.

तुम्हाला वेळ आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आठ वर्षं तुम्ही 'वय निघून चाललंय' हे एकच ऐकत आलात, कारण तेव्हा प्रश्न तुमच्या बीजांचा होता आणि बीजांचं वय बाईच्या वयाबरोबर वाढतं. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि पुढे ती कमीच होत जातात. नवी तयार होत नाहीत. म्हणून ती घाई खरी होती. डोनर एगमध्ये मात्र यश मुख्यतः दात्रीच्या वयावर अवलंबून असतं. तुम्ही तीन-चार महिने थांबलात तर काही बिघडत नाही. कायद्यानं तुम्हाला हा उपचार वयाच्या पन्नाशीच्या आत घेता येतो. वर्षानुवर्षं थांबा असं मी म्हणत नाही, कारण चाळिशीनंतर गरोदरपणातला बीपी, साखर यांचा त्रास वाढत जातो. पण पुढच्याच महिन्यात सह्या झाल्या पाहिजेत असं तुमच्या शरीराला काही वाटत नाही. तारीख क्लिनिकच्या वेळापत्रकाची आहे.

आता 'माझं काय असेल' याचं उत्तर. ते मी गोड करून देणार नाही.

बाळाचा जनुकांचा निम्मा वाटा तुमच्या मिस्टरांकडून येईल आणि निम्मा त्या दात्रीकडून. तुमच्याकडून जनुकं येणार नाहीत. रंग, उंची, नाक, काही आजारांचा कल, हे तुमच्या घराण्यातून येणार नाही. गर्भाशयात वाढल्यामुळे मूल हळूहळू तुमच्यासारखं दिसायला लागतं, असं हल्ली काही ठिकाणी समुपदेशनात सांगतात. त्यावर विसंबू नका. आईचा आहार, तिचं आरोग्य, तिच्या शरीरातली संप्रेरकं यांचा बाळाच्या वाढीवर आणि त्याच्या जनुकांच्या कामावर परिणाम होतो, हे खरं आहे. पण त्यानं जनुकं बदलत नाहीत आणि नाकही बदलत नाही.

मग तुमचं काय? एक पेशींचा ठिपका तुमच्या कुशीत येईल आणि त्याचं हाड न् हाड तुमच्या अन्नातून बनेल. ते पोटातच तुमचा आवाज ओळखायला शिकेल. नुकतंच जन्मलेलं बाळ इतर बायकांच्या आवाजातून आपल्या आईचा आवाज वेगळा काढतं, हे प्रयोगांनी दिसलेलं आहे. आणि हा आवाज म्हणजे जिच्या पोटात ते वाढलं तिचा. कळा तुम्हाला येतील, दूध तुम्हाला येईल. कायद्यापुढेही यात काही संदिग्ध नाही. २०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, सांगतो, की असं मूल हे त्या जोडप्याचं जैविक अपत्यच मानलं जाईल, वारसाहक्कासकट सगळे हक्क त्याला मिळतील आणि दात्रीचा त्याच्यावर कोणताही हक्क राहणार नाही. जन्मदाखल्यावर आई म्हणून तुमचंच नाव असेल. त्यासाठी दत्तकाची किंवा कोर्टाची कसलीही पायरी नाही.

बहिणीच्या 'रक्त तरी आपलं राहील' याबद्दलही सांगते, कारण ही समजूत घरोघरी आहे. आईचं रक्त बाळात जात नाही, स्वतःच्या बीजाचं बाळ असलं तरी नाही. वारेच्या पडद्यातून अन्न आणि प्राणवायू जातो, दोघांची रक्तं वेगवेगळीच राहतात. बाळ आपलं रक्त आपणच बनवतं, तुम्ही दिलेल्या अन्नातून. त्या अर्थानं बहिणीची मुलं तिच्या जितकी 'रक्ताची' आहेत, तितकंच हे बाळ तुमच्या 'रक्ताचं' असेल.

पण बहिणीचं मन किती मोठं आहे! तिला आधी जवळ घ्या. मग सांगा, की हा मार्ग आपल्यासाठी नाही. एआरटी कायद्यानं दात्री उपलब्ध करून देण्याचं काम फक्त नोंदणीकृत एआरटी बँकेला दिलं आहे. ही बँक क्लिनिकपासून स्वतंत्र संस्था असावी लागते आणि दात्री कोण, हे जोडप्याला कळत नाही. कुणी 'आणा बहिणीला, कागदपत्रांचं आम्ही बघतो' म्हणालं, तर त्या क्लिनिकच्या पायऱ्या उतरून या. कागद खोटा झाला तर उद्या अडकाल तुम्ही दोघी.

कायदा बाजूला ठेवला तरी मी तुम्हाला दोनदा विचार करायला सांगितलं असतं. राखीला, दिवाळीला, माहेरच्या प्रत्येक लग्नात ती मावशी म्हणून समोर असणार आणि तुम्ही बाळाला ओरडलात की तिच्या चेहऱ्याकडे बघणार. ती काही बोलणार नाही, तरी तुम्ही बघणार. काही घरांना हे पेलतं. आज तुम्ही ज्या मनःस्थितीत आहात, त्यात ते तुम्हाला पेललं असतं असं मला वाटत नाही. बहिणीकडून घ्यायची गोष्ट दुसरी आहे. या सगळ्यात तुम्ही जिच्यापाशी मोकळं रडू शकता अशी बहुधा ती एकटीच आहे. चार दिवस तिच्याकडे जाऊन राहा.

दात्रीबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. तुमचा दोष नाही, कुणी तिचा विषयच काढला नसेल. पण ती एक बाई आहे. तेवीस ते पस्तीस या वयातली, बहुधा तुमच्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत घर चालवणारी. तुम्ही घेतलीत तीच इंजेक्शनं ती दहा-बारा दिवस घेणार, तोच पिकअप, तीच भूल. बीजकोश जास्त उत्तेजित झाले तर पोटात पाणी होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागतं, हा धोका तिच्यापुढेही आहे. कायद्यानं तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं, तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत आणि तिची बीजं एकाच जोडप्याला देता येतात. तिच्यासाठी बारा महिन्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो, त्याचा खर्च तुमचा. बीजांची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

हे नियम पाळले जातात का, हे तुम्हीच विचारायचं आहे. विमा पॉलिसीची प्रत मागा. 'आमच्याकडे पंधरा-वीस एग मिळतील, तीन-चार ट्रान्सफर (एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं) आरामात होतील' असं आमिष कुणी दाखवलं, तर ती जास्तीची बीजं कुणाच्या अंगातून येणार आहेत, हे लक्षात ठेवा. मूल दहा-बारा वर्षांचं झाल्यावर 'त्या बाईचं पुढे काय झालं?' असं विचारू शकतं. ती कुठे आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही, पण तिला नीट वागवलं गेलं होतं, हे तरी सांगता यायला हवं.

डॉक्टरांच्या 'वर्षभरात मूल हातात'बद्दल थोडं. डोनर एगनं शक्यता खूप वाढते, पण खात्री मिळत नाही. अमेरिकेत क्लिनिकांचे निकाल वर्षानुवर्षं जाहीर होत आले आहेत. तिथे डोनर एगच्या एका ट्रान्सफरमागे मूल जन्मण्याचं प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास असतं. म्हणजे उत्तम ठिकाणीही जवळजवळ अर्ध्या ट्रान्सफरनंतर जोडपी रिकाम्या हातांनी परततात. शिवाय सात बीजांचे सात एम्ब्रियो होत नाहीत. काही बीजं कच्ची निघतात, काही फळत नाहीत, काही पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. पैशांचं गणित दोन ट्रान्सफरचं धरून करा. एका वेळी एकच एम्ब्रियो सोडायला सांगा. 'दोन टाकू, जुळं झालं तर एकदाच काय ते' हे ऐकायला बरं वाटतं, पण डोनर एगच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका मुळातच जास्त असतो आणि जुळ्यांत तो आणखी वाढतो. सुरू करण्याआधी बीपी, साखर, थायरॉइड, हृदय सगळं तपासून घ्या. तुमच्या वाट्याचा उपचार आधीच्या मानानं सोपा आहे. गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर तयार करतात, मग प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, मग ट्रान्सफर, आणि दोन आठवड्यांनी तुमच्या ओळखीचा बीटा.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि माझ्या मते सगळ्यात आधी ठरवायची आहे. 'मुलालाही सांगायचं नाही.'

मी याच्या विरुद्ध आहे. डोनर एग घ्यायचं की नाही आणि मुलाला सांगायचं की नाही, हे दोन वेगळे निर्णय आहेतच कुठे? 'तू असा झालास' हे आपल्या मुलाला सांगताना मनात तुम्ही स्वतःला बघू शकत नसाल, तर अजून तुमची तयारी झालेली नाही. सह्या नंतर करा.

मिस्टरांना वाटतं, सांगितलं नाही की प्रश्न उरत नाही. पण हे गुपित आजच गुपित राहिलेलं नाही. बहिणीला माहीत आहे. तिनं नवऱ्याला सांगितलं नसेल, याची खात्री आहे का तुम्हाला? क्लिनिकच्या कागदांवर आहे आणि कायद्यानं ते कागद वर्षानुवर्षं जपून ठेवायचे असतात. उद्या घरात वाटणीचं भांडण निघेल, कुणी तरी रागात बोलून जाईल आणि तुमची लेक विशीत, परक्याच्या तोंडून, सर्वांत वाईट वेळी हे ऐकेल. हल्ली घरी किट मागवून थुंकीवरून डीएनए तपासता येतो. पुढची पिढी गंमत म्हणून तो करेल. इतकं लांब जायलाही नको. डॉक्टर प्रत्येक तपासणीत विचारतात, 'आईकडे कुणाला शुगर आहे? स्तनाचा कॅन्सर?' तुमची मुलगी आयुष्यभर तुमच्या घराण्याचे आजार स्वतःचे म्हणून सांगत राहील आणि डॉक्टर त्या चुकीच्या माहितीवर उपचार ठरवत राहतील. तुम्ही शेजारच्या खुर्चीत गप्प बसाल का?

गप्प बसणं फार महाग पडतं. 'कुणावर गेलाय?' म्हटलं की विषय बदलायचा. शाळेत रक्तगट शिकवायला लागले की धसका. क्लिनिकवाले दात्रीचा रक्तगट जुळवून देतात, त्यामागे बऱ्याचदा हे झाकून ठेवण्याचीच सोय असते. आपल्या येण्याबद्दल काही तरी आहे जे बोलायचं नसतं, हे मुलांना शब्दांवाचून कळतं. आणि जे बोलायचं नसतं ते लाजेचं असतं, असा अर्थ ती लावतात.

केंब्रिज विद्यापीठात सुझन गोलंबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या अशा कुटुंबांचा मुलं तान्ही असल्यापासून ती वीस वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. २०२३ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. मनःस्वास्थ्याच्या बाबतीत ही मुलं इतर मुलांपेक्षा उणी नव्हती. आणि ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं गेलं होतं, त्यांचं आईशी नातं उशिरा कळलेल्यांपेक्षा जास्त निकोप होतं. तिथला कायदा वेगळा आहे. १ एप्रिल २००५ पासून दान केलेल्या बीजांतून जन्मलेल्या मुलाला तिथे अठराव्या वर्षी दात्याचं नाव विचारता येतं. आपल्याकडे येत नाही. पण सहा वर्षांचं मूल इंग्लंडमधलं असो की नाशिकमधलं, आईनं मांडीवर घेऊन सांगितलेली गोष्ट ते सारख्याच सहजतेनं घेतं.

कसं सांगायचं? लवकर, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. तीन-चार वर्षांचं असताना इतकंच: "बाळ व्हायला एक इवलंसं बीज लागतं. माझ्याकडची संपली होती. एका मावशीनं तिच्याकडचं एक दिलं. बाबांचं त्यात मिसळलं, डॉक्टरांनी ते माझ्या पोटात ठेवलं आणि तू वाढायला लागलीस." तिला 'दुसरी आई' म्हणू नका, आई एकच आहे. सात-आठ वर्षांची झाली की ती स्वतःहून प्रश्न विचारेल. बँकेकडून दात्रीची जी ओळख न उघडणारी माहिती मिळते, म्हणजे वय, शिक्षण, उंची, रक्तगट, घरातले आजार, ती लेखी मागून घ्या आणि जपून ठेवा. ती तुमच्या मुलाची मालमत्ता आहे.

या विषयात आपल्याकडे यशोदेचं नाव लगेच घेतात. मला रोहिणी जास्त जवळची वाटते. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात गेला, तिनं तो वाढवला, जन्म दिला आणि बलराम रोहिणीचा मुलगा म्हणूनच ओळखला गेला. गोकुळातली ही गोष्ट पोरांना सांगताना आपण कधी आवाज खाली घेत नाही. घरात ती सांगाल तेव्हा तुमचीही गोष्ट तिच्या शेजारी सांगता येईल.

'तू माझी खरी आई नाहीस' हे वाक्य येऊ शकतं. चौदा-पंधराव्या वर्षी मुलं हाताला लागेल ते फेकतात, पोटच्या बीजाची मुलंही 'तू माझी आईच नाहीस' म्हणून दार आपटतात. फरक एवढाच, की लपवून ठेवलेली गोष्ट अशा वेळी सुरीसारखी लागते आणि लहानपणापासून घरात बोलली गेलेली गोष्ट तशी लागत नाही. तुम्ही म्हणू शकाल, "बीज माझं नव्हतं, हे तुला मीच सांगितलं. बाकी सगळं माझं आहे." आणि जेवायला हाक माराल.

मिस्टरांशी बोला, पण 'माझं ऐका' असं नको. ते लगेच तयार झाले यात प्रेम आहे, यात मला शंका नाही. पण त्यांना एकदा शांतपणे विचारा: दोष त्यांच्या बाजूला असता आणि डॉक्टरांनी डोनर स्पर्म सुचवलं असतं, तर तेही तिथल्या तिथे 'हो' म्हणाले असते का? हा प्रश्न त्यांना कोंडीत पकडण्यासाठी नाही. तुम्ही कशातून जात आहात हे त्यांना आतून कळण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. 'कुणाला सांगायचं नाही' यामागे कदाचित त्यांची तुमच्याबद्दलची काळजीच असेल, लोकांनी तुम्हाला बोल लावू नये म्हणून. तसं असेल तर तेही त्यांच्या तोंडून ऐका.

आणि क्लिनिकच्या समुपदेशकाकडे दोघांनी जा, तुम्ही एकटीनं नाही. यशाची शक्यता आणि सगळे परिणाम यांबद्दल समुपदेशन करणं ही एआरटी कायद्यानं क्लिनिकवर टाकलेली जबाबदारी आहे. दहा मिनिटांत फॉर्म वाचून दाखवणं म्हणजे समुपदेशन नव्हे. तुम्हाला उपयोगी पडेल असं आणखी एक: सही केल्यानंतरही, एम्ब्रियो गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. सही झाली म्हणजे दार बंद झालं असं समजू नका.

दुसरी दारंही बघून ठेवा, म्हणजे याच दारातून आपल्याला ढकललं जातंय असं वाटणार नाही. दत्तकासाठी कारा या सरकारी दत्तक संस्थेमार्फत नोंदणी करता येते. दोघांच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांखालचं मूल मिळू शकतं, तुमची ८१ आहे. प्रतीक्षा काही वर्षांची असते, म्हणून विचार असेल तर नोंदणी आत्ताच करून ठेवा. आणि मूल न होता दोघांनीच राहायचं ठरवलंत, तर तोही निर्णयच आहे, त्याला हार म्हणू नका. पुन्हा स्वतःच्या बीजांनी एकदा बघू, असा मोह होईल. एएमएच ०.३ आणि मागचे दोन निकाल पाहता मी त्याच्या बाजूची नाही, पण मनाची खात्री पटावी म्हणून पुण्या-मुंबईत एखादं दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. मत घ्या, पॅकेज घेऊ नका.

सासूबाई राहिल्या. त्यांना आज सांगायची गरज नाही. मुलाला सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं असं नाही. उलट, ही माहिती आधी त्याच्या मालकीची आहे. कॉलनीला, ऑफिसला, चुलत-मावसांना ती देण्याचा हक्क पुढे त्यालाच. घरात मात्र मूल बोलायला लागलं की ते ही गोष्ट आजीला आपण होऊन सांगणार, म्हणून त्याच्या तीन वर्षांच्या आत सासूबाईंना कळलेलं बरं. ते मिस्टरांनी सांगावं, तुम्ही नाही. आई त्यांची आहे. 'आमच्यात हे चालत नाही' असं त्या म्हणाल्या, तर त्यांना हे सांगता येईल, की देशातलं पहिलं असं मूल मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून २४ जानेवारी १९९१ ला जन्मलं. म्हणजे निदान तेव्हापासून आपल्याच लोकांत हे चालतं आहे, फक्त बोललं जात नाही. तोवर नातवंड मांडीवर असेल, त्यामुळे तो वाद फार टिकेल असं मला वाटत नाही.

तेव्हा उद्या क्लिनिकला फोन करा आणि सह्यांची तारीख तीन महिने पुढे घ्या. कारण विचारलं तर 'आमचं बोलणं व्हायचं आहे' म्हणा. तीन महिन्यांनी झोप लागायला लागली असेल, तर मला एक ओळ लिहा. लागली नसेल, तर मोठं पत्र लिहा.

तुमची,
ताई